नवशिक्याची खिडकी काढून घेऊ नका

प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्यांमध्ये सध्या एक मत फार पक्के झाले आहे: पायथन शिकू लागलेल्या मुलांना डेस्कटॉपवरची विंडो, तिच्यातली बटणे आणि टेक्स्टबॉक्स शिकवण्यात वेळ घालवू नये. हे म्हणणारी माणसे जाणती आहेत आणि त्यांची कारणेही पोकळ नाहीत. कोणी म्हणते, आधी तर्क पक्का होऊ दे, बटणे काय कधीही लावता येतात. कोणी म्हणते, डेस्कटॉपचे दिवस संपले, सगळे ब्राउझरमध्ये आणि मोबाईलवर गेले, मग थेट वेबच शिकवा. कोणाला भीती वाटते की विंडोच्या नादाने मुलांना वाईट सवयी लागतात. आता त्यात नवी भर पडली आहे: विंडो हवी तर एआयला सांगा, क्षणात मिळते.

मला हे मत चुकीचे वाटते, आणि त्याने मुलांचे नुकसान होत आहे असेही वाटते. माझे म्हणणे असे आहे. व्हेरिएबल, इफ, लूप आणि फंक्शन एवढे हाताशी आले की लगेच मुलांनी एक साधी विंडो बनवावी आणि ती दुसऱ्या कोणाला तरी वापरायला द्यावी. प्रोग्रॅमपासून तो वापरणाऱ्या माणसापर्यंत जायच्या वाटा पुष्कळ आहेत. पण जिच्यातला प्रत्येक टप्पा नवशिक्याला स्वतः समजू शकतो अशी सर्वांत जवळची वाट हीच आहे.

पहिला आक्षेप सर्वांत वजनदार, म्हणून त्यावर जास्त थांबतो. ‘आधी तर्क, मग बटणे’ असे म्हणताना एक गोष्ट गृहीत धरलेली असते. तर्क म्हणजे काळ्या स्क्रीनवर चालतो तेवढाच, आणि विंडो म्हणजे वरची रंगरंगोटी. गावातल्या दूध संकलन केंद्राचा हिशेब घेऊन हे तपासता येते. सभासद येतो, दूध मोजले जाते, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरणारे घन पदार्थ) काढले जातात, त्यावरून दर ठरतो आणि पावती निघते. गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा आपल्याकडचा ओळखीचा पाया आहे. त्याच्या वरखाली गेले की दरही वरखाली होतो. काळ्या स्क्रीनवर हा प्रोग्रॅम लिहायला सोपा आहे. इनपुट फंक्शनने सभासद क्रमांक विचारायचा, मग लिटर, मग फॅट, मग एसएनएफ, आणि शेवटी रक्कम छापायची. आउटपुट बरोबर येतो, जर्नलमध्ये चिकटवला जातो आणि प्रॅक्टिकल संपते.

आता तो प्रोग्रॅम केंद्रावर बसणाऱ्या माणसाला द्या. सभासद क्रमांक चुकल्याचे त्याच्या लक्षात येते तेव्हा प्रोग्रॅम फॅटपाशी पोचलेला असतो आणि मागे जायची सोय नसते. फॅटचा आकडा यायला वेळ आहे, तोवर पुढच्याचे लिटर टाकून ठेवू म्हटले तर जमत नाही. कालची पावती पुन्हा हवी असे कोणी म्हणाले तर चालू नोंद मोडावी लागते. या प्रोग्रॅममध्ये क्रम प्रोग्रॅमचा आहे आणि माणसाने मुकाट त्याच्या मागे चालायचे आहे. विंडोमध्ये क्रम माणसाच्या हाती जातो. चारही चौकटी समोर असतात. वाटेल ती आधी भरा, वाटेल तेव्हा बदला. आणि मग लिहिणाऱ्यासमोर काळ्या स्क्रीनवर कधीच न आलेले प्रश्न उभे राहतात. फॅट रिकामे असताना ‘पावती’ दाबले तर काय करायचे? बटण दोनदा दाबले गेले तर दूध दोनदा नोंदायचे का? सभासद क्रमांक बदलला पण आधीची रक्कम तशीच दिसत राहिली, तर ती रक्कम आता कोणाची? हाच तर तर्क आहे, आणि लूपच्या गणितांपेक्षा कठीण तर्क आहे. तो पुढे ढकलणाऱ्याने तर्क पक्का केला असे मला म्हणता येत नाही.

पायथनसोबत येणारे टीकिंटर हे साधन या दृष्टीने फार मोलाचे आहे. विंडो तयार होते आणि शेवटच्या ओळीत मेनलूप सुरू होतो. तिथून पुढे प्रोग्रॅम वाट पाहत बसतो: माऊस हलला का, कळ दाबली का, बटणावर क्लिक झाले का. घटना घडली की त्या घटनेला जोडलेले फंक्शन चालते, संपते, आणि पुन्हा वाट पाहणे सुरू होते. एवढीच रचना आहे. पण आपण लिहिलेले फंक्शन आपण बोलवायचे नाही, ते दुसऱ्याच्या हाती सोपवायचे, ही कल्पना पचायला वेळ लागतो. बटणाच्या कमांडमध्ये फंक्शनचे नाव द्यायचे असते. जवळजवळ प्रत्येक मूल तिथे नावापुढे कंस टाकते. मग विंडो उघडताक्षणी, कोणी काही दाबायच्या आत, हिशेब होऊन जातो आणि नंतर बटण दाबले तर काहीच घडत नाही. फंक्शन आणि फंक्शनचा परिणाम या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे फळ्यावर कितीही सांगितले तरी जे कळत नाही, ते इथे कळते.

अशा अडचणी पुष्कळ आहेत आणि मला त्या सगळ्या हव्या आहेत. लूप चालवून ० ते ९ अशी दहा बटणे बनवली आणि प्रत्येकाला लॅम्डा जोडला, तर कोणतेही बटण दाबा, ९ च उमटतो. कारण लॅम्डाने आकडा साठवलेला नसतो, व्हेरिएबलचे नाव धरून ठेवलेले असते, आणि बटण दाबले जाते तेव्हा त्या नावात शेवटचा आकडा असतो. फंक्शनच्या आत चित्र उघडून लेबलवर लावले तर जागा कोरीच राहते, कारण फंक्शन संपल्यावर त्या चित्राला धरून ठेवणारे कोणी उरत नाही आणि पायथन ती मेमरी मोकळी करतो. दोन चौकटींतले ३.५ आणि ८.५ मिळवायला गेले तर उत्तर ३.५८.५ असे येते, कारण चौकटीत आकडा नसतो, मजकूर असतो. पाच सेकंद थांबायला स्लीप लिहिले तर पूर्ण विंडो गोठते आणि विंडोज ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ म्हणू लागते. मग कळते की मेनलूपला अडवून चालत नाही, ‘आफ्टर’ वापरून त्याला म्हणावे लागते की अमुक वेळाने मला बोलाव. व्याप्ती, मेमरी, प्रकार, समांतर कामे: अभ्यासक्रमात ज्यांची स्वतंत्र प्रकरणे असतात ते विषय इथे एका विंडोत भेटतात, आणि ते भेटतात डोळ्यांना दिसणाऱ्या बिघाडातून. काळ्या स्क्रीनवरच्या प्रोग्रॅममध्ये यातले बहुतेक बिघाड दिसायला जागाच नसते.

ही साधने कोणी करमणुकीसाठी बनवलेली नव्हती. १९८० च्या दशकाच्या शेवटी युनिक्सवर विंडोतला प्रोग्रॅम लिहायचा म्हणजे सी भाषेत फार खपावे लागे. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या जॉन आऊस्टरहाऊट यांनी आधी टीसीएल ही छोटी भाषा आणि मग तिच्यावर टी-के हा संच उभा केला. १९९१ मध्ये त्यांनी तो युसेनिक्सच्या परिषदेत मांडला. बटण बनवणे हे एका ओळीचे काम झाले. १९९७ मध्ये एसीएमने या कामासाठी त्यांना सॉफ्टवेअर सिस्टीम पुरस्कार दिला. तोच टी-के पायथनमध्ये टीकिंटर म्हणून आला. ज्या आयडलमध्ये लाखो मुले पहिली ओळ टाइप करतात, ते स्वतः टीकिंटरमध्ये लिहिलेले आहे. चौकोन आणि फुले काढणारे टर्टल टीकिंटरच्याच विंडोत चालते. त्याचे मूळ सेमूर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये घडवलेल्या लोगो भाषेपर्यंत जाते. म्हणजे टर्टल चालेल पण बटणे नकोत, असे म्हणणाऱ्या शिक्षकांच्या वर्गातली मुले टी-केच्या विंडोत आधीच पोचलेली असतात. त्यांना फक्त तिथे कोणी पुढे नेत नाही.

दुसरा आक्षेप वेबचा. त्याचे सर्वांत बळकट रूप असे: एचटीएमएलची एकच फाईल, तिच्यात थोडा जावास्क्रिप्ट, दोनदा क्लिक केले की ब्राउझरमध्ये उघडते, सर्व्हर नको, काही बसवायला नको, मग डेस्कटॉप कशाला? प्रश्न रास्त आहे. बटण दाबून बेरीज दाखवायची असेल तर ही वाट खरोखर सोपी आहे. अडचण पुढच्या पावलावर येते. केंद्रावरचा हिशेब साठवायला हवा, कारण दहा दिवसांनी बिल काढायचे असते. ब्राउझर सुरक्षिततेसाठी पानाला संगणकावरच्या फायली आपणहून उघडू देत नाही, लिहूही देत नाही, आणि ते योग्यच आहे. मग बहुधा सर्व्हर आणावा लागतो. फ्लास्क घेतला तरी राऊट, टेम्प्लेट, गेट आणि पोस्ट, फॉर्ममधली नावे हे सगळे एकदम अंगावर येते. पायथन, एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट अशा चार लिपींत विचार करावा लागतो. रक्कम चुकली तर चूक पानात आहे, टेम्प्लेटमध्ये आहे की सर्व्हरमध्ये, हे शोधायला कुठे बघायचे हेच नवशिक्याला ठाऊक नसते. मग तो कुठून तरी उतरवून घेतो आणि चालले की हात लावत नाही. टीकिंटरमध्ये एक भाषा, एक फाईल, एक चालणारा प्रोग्रॅम. चूक झाली तर आयडलमध्ये ओळीच्या क्रमांकासह समोर येते. साठवायला सीएसव्ही आहे, आणि २००६ पासून एसक्यूलाइट पायथनच्या पेटीतच आहे. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळे शिकणाऱ्या मुलीने स्वतः लिहिलेले असते आणि तिला ते स्वतः समजावून सांगता येते. शिक्षणात ही गोष्ट माझ्या लेखी सर्वांत वरची आहे.

मराठी वापरणाऱ्यांसाठी आणखी एक मुद्दा आहे. पायथन ३ मध्ये फंक्शनचे नाव ‘दर’ आणि त्याला दिलेल्या किमतींची नावे देवनागरीत ठेवता येतात. केंद्रावरच्या माणसाने चौकटीत ३५ हा आकडा देवनागरीत टाइप केला तरी पायथनचे इंट आणि फ्लोट तो आकडा म्हणून ओळखतात. जावास्क्रिप्टचे नंबर तिथे हात वर करते. मात्र हेही सांगायला हवे की लिनक्सवर टी-केची विंडो देवनागरीची जोडाक्षरे आणि मात्रा नीट जुळवत नाही. विंडोजवर तीच अक्षरे व्यवस्थित दिसतात. ज्या शाळांत फक्त लिनक्स आहे तिथे मराठी मजकुरासाठी क्यूटी या दुसऱ्या विंडो-संचाकडे वळावे लागेल, आणि ते थोडे जड आहे. उबुंटूवर टीकिंटर वेगळे बसवावे लागते, हीसुद्धा नवशिक्याला अडवणारी गोष्ट आहे.

वेब शिकवूच नये असे मी म्हणत नाही. आपला प्रोग्रॅम दूरच्या मैत्रिणीला नुसत्या लिंकने दाखवायचा असेल तर वेबला तोड नाही. पायथनच्या विंडोची एक्झी फाईल करायला गेले तर ती फुगते, आणि कधी कधी अँटिव्हायरस तिच्यावर संशय घेतो. पण विंडोतून वेबकडे जाणारी मुले रिकाम्या हाताने जात नाहीत. ब्राउझरमधला ॲडइव्हेंटलिसनर त्यांना ओळखीचा वाटतो. रिॲक्टमध्ये ऑनक्लिकला फंक्शन देताना कंस टाकण्याची चूक जगभरचे नवशिके करतात; टीकिंटर केलेल्या मुलीने ती आधीच करून सुधारलेली असते. उलट दिशेने येणाऱ्याला मात्र सर्व्हर, ब्राउझर आणि स्वतःचा कोड यांची गुंतवळ सोडवण्यातच उमेद खर्च करावी लागते.

डेस्कटॉप मेला हे विधान तर आपल्या आजूबाजूला बघितले तरी टिकत नाही. तालुक्याच्या गावात कोणत्याही कर सल्लागाराच्या कार्यालयात टॅली उघडी असते. दूध केंद्रात वजनकाटा आणि फॅट मोजणारे यंत्र संगणकाला जोडलेले असते. प्रयोगशाळा आणि कारखान्यातल्या यंत्रांपुढचे पडदे पाहा. नेट गेले तरी ज्यांचे काम थांबून चालत नाही ती माणसे आजही डेस्कटॉपवर आहेत. टीकिंटरवर नोकरी मिळत नाही, हे खरे आहे. बबल सॉर्ट लिहिता येतो म्हणूनही कोणी नोकरी देत नाही. तरी तो शिकवतो, आणि योग्य कारणासाठी शिकवतो.

सवयी बिघडण्याचा आक्षेप जुना आहे. एट्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवले होते की बेसिक शिकलेल्या विद्यार्थ्यांना चांगले प्रोग्रॅमिंग शिकवणे जवळपास अशक्य असते. १९९१ मध्ये व्हिज्युअल बेसिक आले आणि बटणावर दोनदा क्लिक करून आतच सगळा हिशेब कोंबण्याची पद्धत पसरली. ती पद्धत वाईटच. पण तिच्यावरचा उपायही विंडोंच्याच जगात सापडला होता. त्रिग्वे रेन्स्काउग यांनी १९७९ मध्ये झेरॉक्स पार्कमध्ये हिशेब, त्याचे दर्शन आणि त्यावरचे नियंत्रण वेगळे ठेवण्याची रचना मांडली. आजही तिची नाना रूपे वापरात आहेत. वर्गात ती सांगायला तिचे इंग्रजी नावही लागत नाही. दराचे फंक्शन वेगळे लिही, त्याला विंडोचे नावही ठाऊक नसू दे, आधी ते काळ्या स्क्रीनवर तपास आणि मग त्याच फंक्शनला विंडो जोड. हे नियम म्हणून सांगितले की मुले घोकतात. दरपत्रक बदलले आणि एकाच जागी एक ओळ बदलून भागले, म्हणजे त्यांना पटते.

आक्षेप घेणाऱ्यांचे एक निरीक्षण मात्र मला पूर्ण मान्य आहे. आपल्याकडच्या पदविका-पदवीच्या वर्गांत व्हीबी डॉट नेट किंवा जावाचे एडब्ल्यूटी आणि स्विंग जसे शिकवले जाते, ते पाहून कोणालाही विंडोचा कंटाळा येईल. लेबल, टेक्स्टबॉक्स, चेकबॉक्स, रेडिओ बटण अशी यादी, प्रत्येकाचे गुणधर्म, व्हायव्हाला त्यांतले फरक आणि मिनी प्रोजेक्ट म्हणून तोच कॅलक्युलेटर किंवा तेच लॉगिनचे पान. ती विंडो कोणीच वापरत नाही. सबमिशन झाले की ती बंद होते ती कायमची. घटनांची कल्पना, चुकीच्या नोंदीची काळजी, वापरणाऱ्याचा विचार यातले काहीही त्या यादीत नसते. यावरून विंडो नको असा निष्कर्ष काढणे मात्र चूक आहे. बिघाड यादीत आहे, तिथे हात घालायला हवा.

काही शिक्षक मधला मार्ग म्हणून टीकिंटरवर बसवलेली सोपी आवरणे घेतात. इथे निवड जपून करावी. ईझीजीयूआयमध्ये एकामागून एक प्रश्नांच्या चौकटी येतात. ते दिसायला विंडो असले तरी वागायला इनपुट फंक्शनच आहे, क्रम पुन्हा प्रोग्रॅमचाच. घटनांची कल्पना त्यात येत नाही, आणि तीच तर हवी होती. पायसिंपलजीयूआयवर अनेकांनी वर्ग उभे केले होते. २०२४ मध्ये त्याचा परवाना बदलून ते व्यावसायिक झाले आणि शिक्षकांची तयार टिपणे अडचणीत आली. रास्पबेरी पाय फाउंडेशनच्या वर्तुळातून आलेले गुइझिरो त्या मानाने प्रामाणिक आहे: कमी लिहावे लागते, पण कमांडला फंक्शन सोपवणे तसेच राहते. शाळेतल्या लहान मुलांसाठी ते चालेल. अकरावीनंतर मी सरळ टीकिंटरच देईन.

एआयच्या आक्षेपाला लांब उत्तर लागत नाही. एआय विंडो लिहून देतो आणि बहुधा ती उघडतेही. पण फॅट रिकामे असताना काय व्हावे, बटण दोनदा दाबले गेले तर काय, हे त्याला सांगावे लागते, आणि ज्याने असा बिघाड कधी पाहिलेला नाही त्याला तो प्रश्न सुचत नाही.

म्हणून ज्यांच्या हाती अभ्यासक्रम आहेत त्यांच्याकडे माझी मागणी ठोस आहे. पहिल्या सत्राच्या शेवटी प्रत्येक विद्यार्थ्याची एक विंडो असावी: चार-पाच चौकटी, दोन बटणे, फाईलमध्ये साठवलेल्या नोंदी, आणि ज्याच्या-त्याच्या घरातला किंवा गावातला हिशेब, किराणा उधारी, बचत गटाची वर्गणी, वाचनालयाची पुस्तके, काहीही. तिचे गुण व्हायव्हाच्या प्रश्नांवर देऊ नयेत. तो हिशेब ज्याचा आहे त्या माणसाला प्रयोगशाळेत बोलवावे, संगणकापुढे बसवावे, आणि विद्यार्थ्याने व परीक्षकाने मागे उभे राहून एक शब्दही न बोलता त्याला दहा मिनिटे काम करू द्यावे. तो कुठे अडला, काय चुकीचे दाबले, आणि त्यावर प्रोग्रॅमने काय केले, हे परीक्षकाने लिहून घ्यावे. मग आठवडाभराची मुदत देऊन तीच विंडो सुधारून मागावी आणि गुण त्या सुधारणेला द्यावेत.